होडीत बसलेला माणूस

रात्रभर समुद्रात राहून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला सकाळी उपदेश करू नये, हे डहाणूच्या किनाऱ्यावर लहान पोरालाही कळते. धाकटी डहाणू, चिंचणी, वरोर, वाढवण, उत्तरेला तलासरी तालुक्यातली झाई, या गावांत होडी लागली की वाट पाहणाऱ्या बायका आधी माणसांच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि मग टोपल्यांकडे. मासळी नसेल त्या दिवशी कोणी फार विचारत नाही. डिझेल जळालेले असते, बर्फ वितळलेला असतो. जाळे तरीही धुवावे लागते, फाटले असेल तर सांधावे लागते. अशा वेळी समुद्राशी काही संबंध नसलेला एखादा सुतार होडीजवळ येऊन म्हणाला, की पुन्हा खोल पाण्यात चला आणि जाळी टाका, तर त्याला काय उत्तर मिळेल?

लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात हेच घडते. कॅथलिक चर्चच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात हा उतारा ९ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी जगभर वाचला गेला. डहाणू आणि तलासरी हे तालुके ज्या वसई धर्मप्रांतात येतात, तिथेही तो मराठीतून वाचला गेला. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. त्याच्या दक्षिण टोकाला शेकडो वर्षांची ख्रिस्ती गावे आहेत, तर उत्तर टोकाला वारल्यांचे पाडे आणि कोळी-मांगेल्यांची गावे. विश्वास आणि आज्ञापालन यांवर हा उतारा काय सांगतो, हे समजून घ्यायचे तर ते उत्तर टोकच जास्त उपयोगी पडते. कारण आज्ञा पाळणे म्हणजे काय, हे या भागाने अंगावरच्या वळांनी शिकलेले आहे.

आधी गोष्ट नीट पाहू. गनेसरेत म्हणजे गालीलचे सरोवर गोड्या पाण्याचे, सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद. काठाला दोन होड्या लागलेल्या, कोळी उतरून जाळी धूत बसलेले. माणसांची दाटी झालेली. येशू त्यांतल्या एका होडीत चढतो, ती शिमोनाची असते. काठापासून होडी थोडी आत घे, अशी तो विनंती करतो आणि होडीत बसून लोकांना शिकवतो. शिकवून झाल्यावर शिमोनाला म्हणतो, आता खोल पाण्यात चल आणि जाळी सोड. शिमोन सांगतो, की रात्रभर राबलो पण काही मिळाले नाही, तरी तुमच्या शब्दाखातर जाळी सोडतो. मग इतकी मासळी लागते की जाळी फाटू लागतात, दुसऱ्या होडीतल्या सोबत्यांना खुणेने बोलवावे लागते आणि दोन्ही होड्या बुडण्याइतक्या भरतात.

गालीलच्या सरोवरातल्या जुन्या मासेमारीचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे. त्या काळातली जाळी लिननच्या सुताची असत. दिवसाउजेडी ती पाण्यात माशांना दिसत, म्हणून मासेमारी रात्री चाले आणि सकाळी जाळी धुऊन वाळत घालावी लागत, नाहीतर सूत कुजे. म्हणजे सकाळच्या उन्हात खोल पाण्यात जाळी टाक, हे सांगणे धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाचे होते. वर, नुकतीच धुतलेली जाळी पुन्हा भिजणार होती. १९८६ साली दुष्काळात या सरोवराचे पाणी खाली गेले, तेव्हा चिखलात त्या काळातली एक होडी सापडली. लांबी आठ मीटरांपेक्षा थोडी जास्त, रुंदी सव्वादोन मीटरांच्या आसपास. डहाणूच्या खाडीत आजही त्या मापाची होडी दिसते. एवढ्याशा होडीत शिमोनाचा सगळा संसार होता.

या उताऱ्यावरची बहुतेक प्रवचने एकाच वळणाने जातात. शिमोनाने शंका बाजूला ठेवली, देवाचा शब्द मानला, त्याला फळ मिळाले, तुम्हीही तसेच करा. हा अर्थ अपुरा आहे, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या केवळ ऐकायलाच सांगितले गेले त्यांच्यासमोर मांडला तर घातकही आहे. लूकने लिहिलेले काळजीपूर्वक वाचले तर दोन गोष्टी दिसतात आणि त्या दोन्ही या अर्थाच्या आड येतात.

पहिली गोष्ट, शिमोन गप्प बसत नाही. तो आधी आपला अनुभव सांगतो. रात्रभर मेहनत केली आणि हाती काही लागले नाही, हे त्याचे ज्ञान आहे आणि ते तो लपवत नाही. येशू त्याला त्याबद्दल रागावत नाही. लूकच्याच पहिल्या अध्यायात देवदूत मरियेकडे येतो, तेव्हा तीही होकार देण्याआधी हे कसे घडेल असे विचारते. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन मुलांचा दाखला आहे. एकाला बापाने मळ्यात जायला सांगितले तर तो सरळ नाही म्हणाला, पण मागाहून गेला. दुसरा लगेच हो म्हणाला आणि गेलाच नाही. येशूने ज्याची बाजू घेतली तो नाही म्हणणारा होता. शुभवर्तमानातले आज्ञापालन तोंड असलेल्या माणसांचे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. खोल पाण्यात चल असे सांगणारा स्वतः होडीत बसलेला आहे. त्याने काठावर उभे राहून बोट दाखवले नाही. वादळ आले असते तर शिमोनाबरोबर तोही भिजला असता. शिवाय लूक एक अध्याय आधी सांगून ठेवतो, की येशू शिमोनाच्या घरी गेला होता आणि तापाने फणफणलेली त्याची सासू त्याने बरी केली होती. म्हणजे ओळख आहे, घरातले दुखणे त्याने पाहिलेले आहे. मग होडी मागून घेतली, तीही थोड्याच अंतरासाठी. खोल पाण्याची गोष्ट सगळ्यात शेवटी आली. विश्वास एका झटक्यात मागितलेला नाही, तो पायरी-पायरीने वाढू दिलेला आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा असतो. डोलीचे जाळे लावायचे ते भरती-ओहोटीच्या ओढीकडे तोंड करून. उधाणात पाण्याला जोर असतो तेव्हा मासळी चांगली लागते, भांगाला ओढ मंदावते तसे हातही आखडतात. जाळे कधी सोडायचे, कधी ओढायचे, ढग पाहून माघारी केव्हा फिरायचे हे तांडेल ठरवतो आणि खलाशी ऐकतो. चांगला तांडेल जुन्या खलाशाचे म्हणणे ऐकून घेतो, त्यालाही आकाश वाचता येते हे त्याला ठाऊक असते. या ऐकण्यात लाचारी नाही. तांडेल त्याच फळ्यांवर उभा असतो, होडी गेली तर तोही जाणार असतो, हे खलाशाला दिसत असते.

मासळीचा चमत्कारही या किनाऱ्याला अगदीच अपरिचित नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावर थोड्याच दिवसांत, पालघर तालुक्यातल्या मुरबे गावच्या एका होडीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे लागले. त्यांचा लिलाव १ कोटी ३३ लाख रुपयांना झाल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. घोळीच्या पोटातल्या फुग्याला परदेशात औषधी आणि खाद्य म्हणून मोठी मागणी असते, म्हणून हा भाव. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात अशाच एका पहाटे शिष्यांच्या जाळ्यात मासे येतात आणि योहान आकडा देतो, १५३. दोन आकड्यांमधले हे साम्य योगायोगाचे आहे, त्यातून काही सिद्ध करायचे नाही. पण मासे मोजून आकडा सांगणारा लेखक कोळ्यांमध्ये वावरलेला असावा, असे मुरब्याची बातमी वाचलेल्या माणसाला वाटून जाते. कोळी असाच मोजतो.

फरक पुढे पडतो. मुरब्याच्या माणसांच्या घरात पैसा आला आणि तो त्यांच्या कष्टाचा होता. शिमोनाने मात्र आयुष्यातली सगळ्यात मोठी मासळी काठावर ठेवली आणि तो निघून गेला. त्याआधी तो येशूच्या गुडघ्यांशी पडला आणि म्हणाला, की माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे. आज्ञा पाळल्याचे बक्षीस म्हणून त्याने मासळीकडे पाहिलेच नाही. त्यामुळे ऐका म्हणजे मिळेल असा सौदा या गोष्टीतून काढता येत नाही. बायको, सासू, घर यांचे पुढे काय झाले, हे लूक सांगत नाही. ज्यांनी घरधन्याच्या मागे टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठला आहे, त्या बायका हा प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाहीत आणि तो विचारायलाच हवा. मार्कने एवढे नोंदवले आहे, की शिमोनाचे सोबती याकोब आणि योहान निघाले तेव्हा त्यांचा बाप जब्दी मजुरांसह होडीतच राहिला. शुभवर्तमानातल्या त्या मजुरांना नावे नाहीत.

त्या मजुरांना इथे खलाशी म्हणतात. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची कितीतरी तरणी मुले पावसाळ्यातली भातशेती उरकली की गुजरातच्या बंदरांवर जातात, वेरावळ, पोरबंदर, ओखा. मालक बंदरात असतो आणि होडी महिना-महिना समुद्रात. मासळी कमी झाली की होडी पुढे जाते. पाण्यावर सीमेची रेघ नसते. पाकिस्तानी यंत्रणेने पकडलेल्या होड्यांवर या भागातले आदिवासी खलाशी असतात आणि ते वर्षानुवर्षे कराचीच्या तुरुंगात राहतात. मार्च २०२४ मध्ये अशाच एका खलाशाचा त्या तुरुंगात मृत्यू झाला. मृतदेह गावी यायला कित्येक आठवडे लागले. त्यालाही कोणीतरी खोल पाण्यात जायला सांगितले होते, आणि ज्याच्या धंद्यासाठी तो गेला तो माणूस त्याच्याबरोबर होडीत नव्हता. दोन आज्ञांमधला फरक याहून स्पष्ट करता येणार नाही.

समुद्रापासून आत, डोंगराकडे गेले की आज्ञेचा इतिहास आणखी काळा होत जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातला वारली स्वतःच्याच जमिनीवर कूळ झाला होता. जमीनदाराने बोलावले की वेठीला जायचे, नांगर धरायचा, गवत कापायचे, ओझी वाहायची, मजुरी मागायची नाही. लग्नासाठी घेतलेले कर्ज फिटले नाही तर नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला. त्यात हे सारे सरकारी भाषेत नोंदले गेले आणि तरी चालूच राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला त्या काळचा वारली अत्यंत आज्ञाधारक वाटला असता. त्याच्या आज्ञाधारकपणात विश्वासाचा कणही नव्हता.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. तिथे ठाणे जिल्ह्यातले काही वारली आले आणि माह्या धांगडा यांनी आपल्या लोकांची हकीकत सांगितली. किसान सभेचे काम करणारे गोदावरी आणि शामराव परुळेकर हे दांपत्य यानंतर या भागात आले. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर, पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या. पांढरपेशा माणसाचा वारल्यांना अनुभव होता तो सावकार, जमीनदार, जंगल खात्याचा माणूस आणि पोलीस एवढाच. या बाईवर विश्वास ठेवायला त्यांच्यापाशी काही कारण नव्हते. कारण निर्माण करावे लागले. त्या पाड्या-पाड्यांवर चालत गेल्या, झोपड्यांमध्ये राहिल्या, तिथले खाल्ले आणि माणसांच्या हकीकती ऐकत बसल्या. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात परिषद भरली, हजारो वारली जमले. त्या दिवशी सांगितले गेले ते थोडक्यात असे, की वेठ करू नका, रोजची बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जाऊ नका, एकजूट सोडू नका.

पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव उलट सांगत होता. विरोध केला त्याची पाठ फोडली गेली, हे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिले होते. तरी हजारो माणसांनी तो शब्द मानला. त्यापुढेही ते गेले. जथ्थे करून ते जमीनदारांच्या दारी पोचले आणि लग्नगड्यांना सोडवून घरी घेऊन आले. परुळेकर दांपत्य कम्युनिस्ट होते, बायबलशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि त्यांच्या कामाला ख्रिस्ती रंग देण्याचे कारण नाही. पण लूकच्या पाचव्या अध्यायातला विश्वास माणसांमध्ये कसा उगवतो, हे पाहायचे असेल तर महाराष्ट्रात झरीइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. गोदावरीबाईंनी पुढे हा सगळा अनुभव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ख्रिस्ती प्रवचनकारांनी ते पुस्तक जरूर वाचावे.

झरीनंतर पाच महिन्यांच्या आतच त्या विश्वासाचा घात झाला. गवत कापणीच्या मजुरीसाठी संप सुरू होता. बाईंच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन तलवाड्याला या, असा निरोप पाड्यांवर फिरला. किसान सभेच्या सांगण्यानुसार हा निरोप खोटा होता, जमीनदारांच्या माणसांनी पसरवलेला. दुसरीकडे आदिवासी हल्ला करायला जमताहेत, असे पोलिसांना कळवले गेले. १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री हजारो वारली तलवाड्याला जमले. पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. बाई येणार म्हणून माणसे गोळ्यांसमोरही लवकर हटली नाहीत, असे सांगितले जाते. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर घालवण्याचा हुकूम निघाला. संप मात्र मोडला नाही. तलासरीत दर वर्षी १० ऑक्टोबरला हुतात्म्यांच्या स्मरणासाठी आजही मोर्चा निघतो, सभा होते.

तलवाड्याची रात्र विश्वासाबद्दल एक कठीण प्रश्न विचारते. शब्द खरोखर त्याच माणसाचा आहे, हे कसे ओळखायचे? झरीला बाई समोर उभ्या होत्या. तलवाड्याला फक्त त्यांचे नाव आले होते. दूर राहून नाव वापरणारे प्रत्येक काळात असतात, देवाचे नाव वापरणारे तर सर्वांत जास्त. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावी चोर आणि मुले पळवणारे फिरताहेत या अफवेवरून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार मारले. त्या अफवेला ना तोंड होते, ना पत्ता. ती कोणाच्याही होडीत बसलेली नव्हती. तरी शेकडो माणसांनी तिचे ऐकले आणि तीन निरपराध जीव गेले. हा या भागावरचा डाग आहे आणि त्याबद्दल बोलताना सबबी शोधू नयेत. भीती माणसाला आज्ञाधारक बनवते, तेव्हा आज्ञा कोणाची आहे हेसुद्धा तो विचारत नाही.

डहाणूच्याच मातीत याच्या अगदी उलट घडल्याचे उदाहरणही आहे, आणि तिथे थोडे रेंगाळायला हवे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासींची मुले शाळेत येत नव्हती. आई-बाप अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व नाही, असे म्हणून सरकारी नोंद पुरी करता आली असती. या दोघींनी मुलांच्या न येण्याकडे उत्तर म्हणून पाहिले. मूल गुरे राखते, धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणून ते येत नाही. तेव्हा शाळाच अंगणात गेली, ती अंगणवाडी. जिथे गुरे चरत होती तिथे गेली, ती कुरणशाळा. पाळणाघर आणि बालवाडी शाळेला जोडली गेली, म्हणजे धाकट्याला कडेवर घेऊन थोरलीला शिकता यावे. शिमोनाचे रात्रीचे गाऱ्हाणे आधी ऐकून घ्यायचे आणि मगच खोल पाण्याचे बोलायचे, ही कोसबाडची शिक्षणपद्धती होती. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. पण खरा मान पाड्यावरच्या आयांनी दिला. त्यांनी आपली मुले या बायांच्या हाती सोपवली.

चर्चलाही या भागात हीच परीक्षा द्यावी लागली आहे. तलासरीला जेझुइट धर्मगुरूंचे ज्ञानमाता सदन आहे. आदिवासी मुलांचे शिक्षण आणि वसतिगृह हे त्याचे मुख्य काम. जेझुइट आज्ञापालनाचे व्रत घेतात, वरिष्ठ पाठवतील तिथे जातात, म्हणून तर परदेशातली आणि वसई-गोव्याकडची माणसे तलासरीच्या पाड्यांवर पोचली. धर्मांतराच्या संशयाने त्यांच्याकडे पाहणारे लोक होते आणि आहेत. संशय घेणाऱ्यांवर चिडून तो जात नाही. तो जातो तेव्हा पाड्यावर आजारी पडलेल्या बाईसाठी रात्री कोण गाडी काढतो आणि बदल्यात काही मागत नाही, हे लोकांना वर्षानुवर्षे दिसते म्हणून. शिमोनाची सासू बरी करताना येशूने शिमोनाकडून कसले वचन घेतल्याचे लूक लिहीत नाही.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव इथे आठवते. ‘सुबोध बायबल’ लिहून त्यांनी हे उतारे मराठी वाचकाच्या हाती सहज भाषेत दिले. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये ते गेले. पण वसईच्या शेतकऱ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला तो हरित वसईच्या चळवळीमुळे. बिल्डर आणि गुंडगिरी यांच्याविरुद्ध माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा हा आज्ञापालनाचे वचन दिलेला पुरोहित त्यांच्याबरोबर रस्त्यावर होता. आज्ञापालन आणि प्रतिकार एका माणसात सुखाने राहू शकतात, हे त्यांनी जगून दाखवले.

आज डहाणूच्या किनाऱ्याकडे पुन्हा विश्वास मागितला जातो आहे, या वेळी वाढवणच्या बंदरासाठी. डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला. धर्माधिकारी २०१९ मध्ये वारले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला ना हरकत दिली. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. रोजगार येईल, जिल्ह्याचे भाग्य उजळेल, असे सांगितले जाते. त्यातले काही खरेही ठरेल. देशाला खोल पाण्याचे बंदर हवे, हे म्हणणेही पोकळ नाही.

पण किनाऱ्यावरचा माणूस आपली रात्र सांगतो आहे. इथल्या खडकाळ भागात मासे अंडी घालतात, डोलीची जागा गेली की ती दुसरीकडे मिळत नाही, औष्णिक वीज केंद्र आले तेव्हाही आश्वासने मिळाली होती, असे तो म्हणतो. वाढवण बंदर विरोधी संघर्ष समितीच्या मागे वर्षानुवर्षे गावे उभी आहेत. त्यांना विकासाचे शत्रू म्हणणे सोपे आहे. लूक वाचलेल्या माणसाने तरी ते म्हणू नये. अनुभवाच्या जोरावर आडवे बोलणारा शिमोन अविश्वासू नव्हता, तो आपल्या पाण्याला ओळखत होता. त्याचे बोलणे ऐकून घेणारा समोर होता, म्हणूनच पुढचे घडले.

तेव्हा सांगणाऱ्यांनी आधी काय करावे, हे पुरेसे उघड आहे. बंदराचे अधिकारी, लोकप्रतिनिधी, भरपाईचे तक्ते तयार करणारे तज्ज्ञ यांनी वरोर आणि धाकट्या डहाणूच्या होड्यांवर उधाणाच्या आणि भांगाच्या रात्री काढाव्यात, तांडेलांच्या तोंडून पाण्याची माहिती लिहून घ्यावी आणि ती मराठीत गावापुढे वाचून दाखवावी. ज्यांच्या होड्या आहेत त्यांच्याइतकाच, बिननावाच्या खलाशांचा आणि मासळी विकणाऱ्या बायांचाही हिशेब त्यात यावा. गुजरातच्या होड्यांवर जाणाऱ्या पोरांची नावनिशीवार नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीत असावी, म्हणजे कोणी पकडला गेला तर त्याच्या सुटकेसाठी सरकारदरबारी पहिल्याच दिवशी हालचाल सुरू होईल. आणि चर्चमध्ये हा उतारा वाचून आज्ञापालनावर बोलणाऱ्या धर्मगुरूंना एक विनंती. प्रवचनाची सुरुवात शिमोनाच्या उत्तराच्या पहिल्या अर्ध्या भागापासून करा. समोर बसलेल्यांमध्ये रात्रभर राबून रिकामे आलेले लोक असतात, त्यांना आधी बोलू द्या.